शेजारच्या शाळेला पैसे जास्त, आपल्याला कमी: झेडपी शाळेचा निधी शोधायचा आणि मागायचा कसा

आमच्या वाडीच्या झेडपी शाळेचा पट २८. खोल्या दोन, त्यातल्या एकीचे पत्रे गंजून चाळणी झालेले, म्हणून जून ते सप्टेंबर पहिली ते चौथी सगळी पोरं एकाच खोलीत बसायची, फळ्याच्या अर्ध्या भागावर पहिलीची बाराखडी आणि अर्ध्या भागावर चौथीचा भागाकार. साडेतीन किलोमीटरवर मोठ्या गावातली शाळा, तीही झेडपीचीच, तिथे टीव्हीवर शिकवतात, कुंपण आहे, पाण्याचं मशीन आहे. मी शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून आले तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, की मधल्यामधे कोणीतरी पैसे खातंय. मग कागद बघायला लागले तेव्हा कळलं की बराचसा फरक चोरीचा नाहीच, तो नियमातच बसलेला आहे, आणि उरलेला फरक कोणी वेळेवर कागद दिला आणि कोणी नाही दिला याचा आहे. नियम आपण एकट्याने बदलू शकत नाही पण कागद देणं आपल्या हातात आहे, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. महाराष्ट्रातल्या झेडपी शाळांचं लिहिलंय, नगरपालिकावाल्यांनी आपापल्या कार्यालयाची नावं घालून वाचा, बाकी बरंचसं तेच आहे.

आधी पैसे कुठून येतात ते

शाळेचा निधी म्हणजे एक मोठी पिशवी असं समजू नका, पाच-सहा वेगवेगळ्या पिशव्या आहेत आणि प्रत्येकीची गाठ वेगळ्या माणसाच्या हातात आहे.

सगळ्यात मोठी पिशवी शिक्षकांचा पगार, तो राज्याकडून येतो आणि शालार्थ या पगाराच्या ऑनलाईन प्रणालीतून थेट शिक्षकाच्या खात्यात पडतो. आपल्याला तो दिसत नाही म्हणून आपण तो मोजतच नाही, ही मोठी चूक आहे. शाळेत एक पद वर्षभर रिकामं राहिलं तर आपल्या पोरांचं किती नुकसान झालं ते बघा, जुन्या शिक्षकाचा दोन-अडीच महिन्यांचा पगार धरला तरी तो आमच्यासारख्या शाळेच्या दहा वर्षांच्या अनुदानाएवढा होतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिलेत, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. म्हणजे २८ पटाला पण दोन. किती पदं मंजूर आहेत ते संचमान्यतेत असतं, ती दरवर्षी साधारण ३० सप्टेंबरच्या पटावरून होते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने तिचे निकष बदलले आणि कमी पटाच्या, त्यातही सहावी ते आठवीच्या वर्गांना त्याचा फटका बसला, त्यावर शिक्षक संघटनांनी आंदोलनंही केली. तर तुमच्या शाळेची संचमान्यतेची प्रत हेडसरांकडून मागून घ्या, मंजूर पदं किती, भरलेली किती, एवढंच बघायचं.

दुसरी पिशवी समग्र शिक्षा. २०१८-१९ पासून सर्व शिक्षा अभियान वगैरे एकत्र करून ही योजना केली, आपल्या राज्यात केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के. यातूनच संयुक्त शाळा अनुदान येतं, खडू, दुरुस्ती, लाईट बिल, स्वच्छता सगळं यातच भागवायचं. केंद्राच्या निकषात ३० पर्यंत पटाला १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, २५१ ते १००० ला ७५ हजार आणि त्यावर १ लाख, आणि यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. प्रत्यक्षात दरवर्षी किती वाटप झालं ते महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेच्या पत्रात असतं, निकषात आहे तेवढं आणि एकदम पडेलच असं धरून चालू नका. ग्रंथालयाचे आणि खेळाचे पैसे याच योजनेत पण वेगळे, प्राथमिकला दोन्हीसाठी ५-५ हजारांपर्यंत.

आता इथे थांबून हिशोब करा. २८ पटाला १० हजार म्हणजे मुलामागे ३५७ रुपये, आणि त्यातले हजार स्वच्छतेचे. १०४ पटाला ५० हजार म्हणजे मुलामागे ४८०. पण मुलामागे काढून पण खरं चित्र दिसत नाही, कारण पाऊस पट बघून पडत नाही. पत्रा तेवढाच गळतो, संडासाला टाकी तेवढीच लागते, लाईटचा मीटर पण एकच असतो. आणि ३० पटाला १० हजार, ३१ ला २५ हजार, म्हणजे एका मुलाने १५ हजारांचा फरक. एखाद्या पोराच्या आधारवर नावाचं स्पेलिंग चुकलं आणि ते ऑनलाईन पटात धरलं गेलं नाही तर काय होतं ते यावरून समजा. पट काठावर असेल तर पटनोंदणीच्या वेळी समितीने स्वतः बसून एकेक नाव तपासा, हे काम शाळेवर सोडू नका.

तिसरी पिशवी जिल्हा परिषदेचा स्वतःचा पैसा, ज्याला सगळे सेस म्हणतात, आणि खरी मोठी दरी इथे आहे. जमीन महसुलावरचा उपकर, जमीन-फ्लॅटच्या खरेदीखतावरच्या मुद्रांक शुल्काचा वाटा, असं जिल्ह्याचं उत्पन्न. पुणे-ठाण्याकडे रोज किती खरेदीखतं होतात आणि गडचिरोली-नंदुरबारला किती होतात, विचार करा. तीच गोष्ट शहरांची, मुंबई महापालिकेचं शिक्षणाचं बजेट २०२३-२४ मध्येच ३ हजार ३०० कोटींच्या वर होतं, तिथल्या शाळेत पोरांना २७ वस्तू फुकट मिळतात, दप्तरापासून बुटापर्यंत. मिळायलाच पाहिजेत, मला त्यात काहीच खुपत नाही, पण आमच्या वाडीतल्या पोराला पण पाय आहेतच की.

चौथी जिल्हा नियोजन समिती, पालकमंत्री अध्यक्ष असतात, नवीन वर्गखोल्या आणि मोठी दुरुस्ती बहुतेक इथूनच होते. पाचवी ग्रामपंचायत, म्हणजे वित्त आयोगाचा निधी, आणि तुमचं गाव पेसामध्ये, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्यात, येत असेल तर आदिवासी उपयोजनेतल्या पाच टक्के निधीचा वाटा थेट ग्रामपंचायतीला येतो, त्यातून शाळेचं काम करता येतं, कितीतरी गावांना हे माहीतच नसतं. सहावी आमदार-खासदार निधी, कंपन्यांचा सीएसआर म्हणजे समाजकामाचा निधी आणि लोकवर्गणी.

यात पीएम श्री सारख्या, ठरावीक शाळाच निवडणाऱ्या केंद्राच्या योजना वेगळ्याच. २०२२ साली मंजूर झालेली, देशभरात साडेचौदा हजार शाळा, पाच वर्षांत २७ हजार ३६० कोटी, म्हणजे सरासरी एका शाळेला पावणेदोन कोटींच्या वर. तालुक्यातून जास्तीत जास्त दोन शाळा. त्या शाळांबद्दल तक्रार नाही पण शेजारच्या १० हजारवाल्या शाळेशी तुलना करताना हा आकडा समोर ठेवा, नाहीतर उगीच त्या शाळेच्या सरांना दोष देत बसाल.

मग कागद गोळा करायचे

पहिलं काम घरी बसून मोबाईलवर होतं. प्रत्येक शाळेला ११ आकडी यूडायस नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख नंबर, असतो, आपल्या राज्याचा २७ ने सुरू होतो, शाळेच्या भिंतीवर नाहीतर पोराच्या निकालपत्रावर सापडेल. यूडायस प्लसच्या साईटवर 'नो युवर स्कूल' म्हणून भाग आहे तिथे नंबर टाकला की शाळेचं रिपोर्ट कार्ड निघतं, त्यात खोल्या किती चांगल्या किती मोडक्या, संडास चालू आहे का, वीज आहे का, शिक्षक किती, आणि अनुदान किती आलं किती खर्च झालं हे पण असतं. आपल्या शाळेचं काढा, शेजारच्या दोन शाळांचं पण काढा, आणि तिन्ही प्रिंट शेजारी-शेजारी ठेवा.

आमच्या रिपोर्ट कार्डवर दोन्ही खोल्या 'सुस्थितीत' लिहिलेल्या होत्या! मी प्रिंट घेऊन गळक्या खोलीत उभी राहिले आणि तीनदा वाचलं. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, मागच्या वर्षीची माहिती तशीच पुढे ओढलेली होती. पण वरच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला आमची शाळा चांगलीच दिसणार ना, तो दुरुस्तीला पैसे कशाला देईल. म्हणून माझं ठाम मत आहे, मागणीचा अर्ज नंतर, आधी यूडायसची माहिती खरी करून घ्या. हेडसर भरतात, समितीने आग्रह धरला की दुरुस्त होते, आमची पुढच्या भरण्यात झाली.

दुसरं काम हेडसरांसोबत बसायचं. भांडायला जाऊ नका. एकशिक्षकी नाहीतर दोनशिक्षकी शाळेत तोच माणूस शिकवतो, पोषण आहाराचा हिशोब ठेवतो, ऑनलाईन माहिती भरतो, निवडणुकीची कामं करतो, आणि पैसे आले नाहीत तर खडू स्वतःच्या खिशातून आणतो. चहा घ्या आणि म्हणा, सर आपण मिळून वरून पैसे आणू, मला फक्त कॅशबुक, बँकेचं स्टेटमेंट, साठा रजिस्टर आणि समितीच्या सभांचं इतिवृत्त बघू द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत पाऊण सदस्य पालक, निम्म्या महिला, आणि सरकारी अनुदान कसं वापरलं जातंय यावर लक्ष ठेवणं हे समितीचं कामच आहे, त्यामुळे यात कोणावर अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही. ज्या ताई समितीवर फक्त सहीपुरत्या आहेत त्यांना विशेष सांगते, सही करण्याआधी इतिवृत्त वाचा, वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या.

समग्र शिक्षाचं खातं आता शून्य शिल्लक पद्धतीचं असतं, म्हणजे पैसे शाळेच्या खात्यात पडून राहत नाहीत, खर्चाची मर्यादा मिळते आणि ती वापरायची. मार्चअखेर वापरली नाही तर ती परत जाते. आणि पुष्कळदा मर्यादा येतेच उशिरा. तेव्हा कोटेशन काय, कुठून काय घ्यायचं, समितीचा ठराव, हे सगळं जानेवारीतच तयार ठेवा, पैसे दिसले की आठ दिवसांत खर्च झाला पाहिजे. एका वर्षी आमचे ग्रंथालयाचे पैसे असेच गेले, ठराव नव्हता म्हणून, मला अजून त्या पुस्तकांचं वाईट वाटतं.

लाईट बिल पण बघून घ्या, त्यावर दर कुठल्या वर्गवारीचा लावलाय ते छापलेलं असतं. सरकारी शाळांना सार्वजनिक सेवा अशी वेगळी वर्गवारी आहे, दुकानाचा व्यापारी दर लागत असेल तर मुख्याध्यापकांच्या सहीने वर्गवारी बदलायचा अर्ज द्यायचा. १० हजारात हा फरक लहान नाही.

मागणी कागदावर कशी आणायची

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २२ प्रत्येकाने पाठ करावं असं आहे. समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि सरकारने अनुदान देताना तोच आराखडा आधार धरायचा, असं कायद्यात लिहिलंय. तरी कितीतरी शाळांत हा आराखडा म्हणजे वरून आलेला एकच नमुना, गावाचं नाव बदललं की झालं. असं करू नका. आराखडा तीन वर्षांचा असतो, आर्थिक वर्ष संपायच्या निदान तीन महिने आधी तयार पाहिजे, म्हणजे डिसेंबरच्या आत. सगळ्या पालकांना घेऊन शाळेत एक चक्कर मारा, टेप घेऊन पत्रे मोजा, फोटो काढा. "छत खराब आहे" लिहू नका, "पूर्वेकडच्या खोलीचे १४ पत्रे गंजले आहेत, पावसात खोली वापरता येत नाही, २८ मुलं एका खोलीत बसतात" असं लिहा. पत्रे मोजताना आमच्याकडे चौथीतल्या पोरांनीच मोजले, वहीत आकृती काढून दिली, ती आकृती आम्ही आराखड्याला जोडली.

मग तीच मागणी तीन ठिकाणी द्यायची. एक प्रत ग्रामपंचायतीला, ग्रामपंचायत विकास आराखड्यासाठी. त्याचं काम साधारण २ ऑक्टोबरपासून सुरू होतं, तेव्हाच्या ग्रामसभेत विषय आला पाहिजे, जानेवारीत आलात तर पुढच्या वर्षावर जातं. पंधराव्या वित्त आयोगात २०२१ ते २०२६ या वर्षांत ६० टक्के पैसे पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले होते, शाळेचं संडास, हात धुवायचे नळ, पाण्याची टाकी यात बसवता येत होतं, आणि उरलेल्या ४० टक्क्यांतून दुरुस्ती. आता सोळावा आयोग, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचे ग्रामसेवक) नवीन सूचनांची प्रत मागून त्यात शाळेचं काय बसतं ते वाचा. ग्रामपंचायतीने कशावर किती खर्च केला ते ई-ग्रामस्वराजच्या साईटवर दिसतं, ग्रामसभेला जाण्याआधी ते बघून जा. आणि बायकांनी पुढे बसा, मागे भिंतीला टेकून बसलं की शाळेचा विषय "वेळेअभावी" राहतो.

ठराव साधा ठेवा: "जि. प. प्राथमिक शाळा, अमुक वाडी, येथील पूर्वेकडील वर्गखोलीच्या छताची दुरुस्ती सन अमुक-अमुकच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात घेण्यात यावी. सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर." ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह त्याच आठवड्यात मागा.

दुसरी प्रत केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, पंचायत समितीत. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका. तिसरी जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी प्राथमिक यांना, आणि मोठं काम असेल तर जिल्हा परिषद सदस्य आणि आमदारांना माहितीसाठी, कारण नियोजन समितीत नाव लागायला कोणीतरी तिथे बोलावं लागतं.

नवीन खोली पाहिजे असेल तर दोन गोष्टींवर फाईल अडते हे अनुभवाने सांगते. एक निर्लेखन, म्हणजे जुनी खोली कागदावरून काढून टाकणं. जुनी मोडकी खोली कागदावर उभी असेल तोपर्यंत नवीन मंजूर होणं कठीण, तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव वेगळा द्यावा लागतो, बांधकाम विभागाच्या अभियंत्याने पाहणी करून दाखला द्यायचा. हा प्रस्ताव आधी सुरू करा, याला महिने जातात. दुसरं जागा. पुष्कळ वाड्यांमध्ये कोणाच्या तरी आजोबांनी तोंडी जागा दिलेली, सातबारा नाहीतर गावठाणातला नमुना ८ अजून त्यांच्याच नावावर. आजोबा गेले, नातू चार, त्यातला एक पुण्याला. बक्षीसपत्र करून घ्यायला आमचं दीड वर्ष गेलं, पण त्या पुण्याच्या दादांनी शेवटी सही दिली आणि वर पाच हजार रुपये पोरांना वह्यांसाठी दिले.

नाहीच दिलं तर

महिनाभर वाट बघा, एक स्मरणपत्र द्या, मग माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात जोडपत्र अ चा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, म्हणून गोळाबेरीज विचारू नका. "भ्रष्टाचार का झाला" विचारलं तर उत्तर येत नाही, कागद मागा. मी असं लिहिलं होतं: "सन अमुक ते अमुक या तीन वर्षांत आपल्या तालुक्यातील जि. प. शाळांच्या दुरुस्तीसाठी मंजूर निधीची शाळानिहाय यादी, आणि अमुक वाडी शाळेच्या दिनांक अमुकच्या प्रस्तावावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत मिळावी." शाळानिहाय हा शब्द महत्त्वाचा, त्यावरूनच कळतं की कुठल्या शाळेला तीन वर्षांत तीनदा मिळालं आणि कुठली एकदाही यादीत नाही. आमच्या यादीत बहुतेक सगळी मोठी गावं होती, वाड्या-वस्त्यांच्या शाळा शेवटच्या पानावर चार-पाच. ती यादी बघून मला राग येण्यापेक्षा जास्त रडू आलं, पण दुसऱ्या दिवशी तीच यादी झेरॉक्स करून आजूबाजूच्या सात वाड्यांच्या समित्यांना दिली आणि आम्ही सगळ्या मिळून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलो. एका वाडीचं कोणी ऐकत नाही, सात वाड्या एकत्र आल्या की खुर्च्या मागवतात.

३० दिवसांत माहिती आली नाही तर पुढच्या ३० दिवसांत जोडपत्र ब चं पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. आणि शिक्षक नाही, संडास नाही, पाणी नाही असं कायद्यातलंच काही नसेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार देता येते. तीन महिन्यांत ऐकून घेऊन निर्णय द्यायचा असतो, नाही पटला तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. ही तक्रार देताना अर्जात "कलम ३२ अन्वये" हे शब्द घालाच, नाहीतर साधं निवेदन म्हणून फाईलला लागतं.

लोकवर्गणीबद्दल लोक विचारतात. माझं म्हणणं असं की रंग, झाडं, पुस्तकं, स्पर्धेला गाडीभाडं यासाठी वर्गणी खुशाल काढा, पण छत, संडास, शिक्षक यासाठी काढू नका. ज्या गावात साखर कारखाना आहे, बागायत आहे तिथे दोन लाख सहज जमतात, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या वस्तीत काय जमणार? अशी वर्गणी मोजायला लागलो की श्रीमंत गावाची शाळा पुढे आणि गरिबाची मागे, आणि ऑफिसातून परत उत्तर येतं की त्या गावाने केलं तुम्ही का नाही करत.

पट कमी असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. २०२३ मध्ये राज्यात २० च्या आत पटाच्या सुमारे १५ हजार शाळा होत्या आणि तेव्हापासून समूह शाळेचा, म्हणजे अशा लहान शाळा मिळून एक मोठी शाळा करायचा, विषय निघालाय, नंदुरबारच्या तोरणमाळ आणि पुण्याच्या पानशेतचं उदाहरण देऊन. तुमच्याकडे असा प्रस्ताव आला तर घाईत ठराव देऊ नका, पावसाळ्यात ओढ्याला पाणी किती येतं, पहिलीतल्या पोरीला चालत किती वेळ लागतो, गाडी कोण देणार आणि किती वर्षं देणार, हे लिहून मागा आणि उत्तर लेखीच घ्या.

समिती दोन वर्षांनी बदलते, अध्यक्ष बदलला की सगळं परत पहिल्यापासून. म्हणून एक जाड फाईल करा, त्यात यूडायसची तिन्ही प्रिंट, संचमान्यता, आराखडा, ठरावाच्या नकला, पोच, माहिती अधिकाराची उत्तरं तारखेप्रमाणे लावा, पहिल्या पानावर कुठला अर्ज कधी दिला आणि पुढची तारीख काय हे पेनाने लिहा. एक संच शाळेत, एक अध्यक्षाच्या घरी. आमचे पत्रे मागच्या मे महिन्यात बदलले, खोलीतली ओल अजून गेली नाही आणि कुंपणाचा प्रस्ताव पंचायत समितीत आहे, त्याची पोच फाईलमध्ये शेवटून तिसरी आहे.